माजघरातला ठिपका
हनुमंतानं हिर्डोशीत एकट्या राहणाऱ्या आईच्या मनगटाला पट्टा बांधला होता. ती घरात कुठं आहे, ते नसरापुरात त्याच्या मोबाईलवरचा ठिपका दाखवायचा. आज तासभर ठिपका माजघराच्या कोपऱ्यात गोल गोल फिरत होता. "आईला भ्रम झालाय. आता घराला कुलूप लावून तिला हितं आणतो," तो बाळंतपणाला आलेल्या बहिणीला, अश्विनीला म्हणाला. ठिपक्याकडं बघता बघता अश्विनीचे डोळे जडावले. "दादा, आधी फोन तर लाव," ती म्हणाली. त्यानं लावला. "आरं, अश्वीच्या पेजेला नाचणी दळतीया," पलीकडून आई खेकसली. "गिरणीच्या पिठाला चव न्हाई. कामात हाय, ठेव!" फोन बंद करायला मात्र ती विसरली. जात्याची घरघर सुरू झाली, ठिपका पुन्हा फिरू लागला. बहिणीनं भिंतीला डोकं टेकलं. कुलपाचं राहूनच गेलं. लहानपणी दळणाऱ्या आईच्या मांडीवर यायची, तशी पेंग हनुमंतालाही येऊ लागली.