वरच्या बाणाची सवय

लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर पुन्हा तेच उमटलं: सॉफ्टवेअर बसलं, सर्व्हर सुरू झाला. आणि दवाखान्याच्या रिसेप्शनवाल्या बाईंनी पुन्हा तेच सांगितलं, "अहो, काही उघडत नाहीये. बाहेर पेशंट खोळंबलेत."

काउंटरशी लॅपटॉप घेऊन बसलेल्या इंजिनिअरने डोकं खाजवलं. मशीन म्हणतंय चालू, बाई म्हणतात बंद. खरं कुणाचं मानायचं? त्याने सगळं काढून नव्याने बसवलं, मशीनच बंद करून परत चालू केलं. सर्व्हर आतल्या खोलीत होता; लॅपटॉपचा त्याच्याशी संपर्क तुटला की तो वरच्या बाणाचं बटण दाबायचा. आधी टाइप केलेली जोडणीची कमांड आपसूक समोर यायची, एंटर मारला की स्वारी परत आत. लांबलचक पत्ता पुन्हा कोण टाइप करत बसणार? आपल्या आळसाला या गड्याने कौशल्य असं नाव दिलं होतं.

फोन थरथरला. बाबा. त्याने कापला. आज जेवायला येतो म्हणून त्यांना शब्द दिला होता. आधीचे सगळे शब्द हवेत विरले होते. हे काम आटोपलं तरच आज जाणं होणार होतं. बाबांचा कॉम्प्युटर बिघडला तरी घरी जावं लागू नये, म्हणून तर त्याने आपल्या लॅपटॉपवरूनच त्यात शिरायची सोय केली होती. कालच तो असा लांबून दुरुस्तही केला होता.

पुन्हा बसवलं. पुन्हा सुरू. बाईंची मान पुन्हा आडवी हलली. आपलंच डोकं फिरलंय की काय?

फोन परत वाजला. या वेळी त्याने वैतागून उचलला. "बाबा, कामात आहे. आजही जमेलसं दिसत नाही."

"असू दे रे. इथला कॉम्प्युटर सकाळपासून आपोआप बंद होतोय, चालू होतोय. पंखा तर नुसता घरघरतोय. म्हटलं, तूच आहेस का आत?"

त्याची नजर पडद्यावरच्या ओळीच्या सुरुवातीला गेली. आपण ज्यात शिरलोय त्या मशीनचं नाव तिथे असतं. रोज दिसतं म्हणून कुणी वाचत नाही. त्यानेच ठेवलेलं नाव होतं: बाबांचं घर. कालची शेवटची कमांड तिथलीच होती, आणि बाण इमानेइतबारे त्याला तिथेच पोचवत होता.

दवाखान्याचं काम आता चुटकीसरशी होणार होतं. पण त्याला हसू येईना. ज्या घरी जायला त्याला सवड नव्हती, त्या घरात तो सकाळपासून येऊन-जाऊन होता.

"हो बाबा," तो कसाबसा म्हणाला, "मीच होतो."

"अरे, मग हाक तरी मारायचीस!"