नाकावरचा फोड
तीस वर्षं रस्त्यांच्या कामावर उन्हात मुकादमी केलेल्या बाबांच्या नाकावर मोत्यासारखा चकाकणारा बारीक फोड आला होता. खपली धरायची, पडायची, पुन्हा रक्त यायचं. चष्मा घासतोय म्हणून ते नवा घ्यायला गेले, तर दुकानदारच म्हणाला, “काका, वर्षभर न भरणारी जखम चष्म्याची नसते. डॉक्टरांना दाखवा.” फोडाचा तुकडा काढून तपासल्यावर डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं, “त्वचेचा कॅन्सर आहे. पण हा सावकाश वाढतो, सहसा पसरत नाही. काढला की बहुतेक बरा होतो.” बाबांना पहिल्या वाक्यापुढचं काही ऐकूच आलं नाही. बाहेरच्या बाकावर ते शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत राहिले. “बाबा, हा कॅन्सर बरा होतो,” मी म्हणाले. “तुझ्या आईच्या वेळीही हेच म्हणाली होतीस.” मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. “बाबा, तेव्हा मी तुमच्याशी खोटं बोलले होते.”