एका खोलीतली सात मुलं

वीस वर्षांनी उघडलेल्या वर्गात खरोटेबाईंसमोर सात मुलं बसली होती. जन्मापासून प्रत्येकाला घरच्या पडद्यावर स्वतःचा वेगळा शिक्षक होता. दुसऱ्या मुलाशेजारी बसायची ही त्यांची पहिलीच वेळ. बाईंनी घातलेला अवघड भागाकार सातही जणांनी तोंडी सोडवला.

तेवढ्यात बाकाची कड लागून रेवाचा गुडघा फुटला आणि ती हुंदके देत रडू लागली. कोणी जागचं हललं नाही. बाईंनी जवळ घेतलं, तर ती अंग चोरून आणखीच रडली.

“कुणीतरी तिचा हात धरा रे,” बाई म्हणाल्या.

शेजारचा अन्वय गोंधळला. “बाई,” त्याने अदबीने विचारलं, “हिचा आवाज कुठून बंद करायचा?”

बाकीची पाच मुलं उत्तर टिपून घ्यायला सरसावून बसली.