दोनशेच्या खाली
अभिनव तो आकडा लिहिणारच नव्हता, हे खरंय. पुणे महापालिकेत घेतलेल्या गावाच्या शाळेवर हवेतली धूळ मोजायचं मशिन बसलं आणि नोंदीचं काम त्याला मिळालं. आकडा सलग तीन दिवस दोनशेच्या वर गेला की शेजारचा काँक्रीट प्लांट बंद, असा नियम. दोन दिवस भरले होते. तिसऱ्या सकाळी पाण्याचा टँकर आला, मशिनभोवती फवारा सुरू झाला. ड्रायव्हर त्याचाच दोस्त, संपत. "सडा घालतोस होय? तुझीच पोरगी धापा टाकते ना!" "तिचा दम्याचा पंप खिशातच हाय." संपतनं पाईप सोडला नाही. "टँकर प्लांटवाल्याचा हाय. प्लांट बंद झाला तर पंप कुठनं आणू?" स्क्रीनवर आकडा घसरला: दोनशे चाळीस, एकशे साठ, ब्याण्णव. वर्गात कुणीतरी खोकलं. अभिनवनं ब्याण्णव लिहिलं. "अभ्या, कुणाला बोलू नको." "नाही बोलणार, संप्या. आईशप्पथ."