अंजनाबाईचा रविवार

अंजनाबाई आली तेव्हा सुबोधचं पहिलं गाणं संपत आलं होतं. तिने दारात चप्पल काढली, चटईच्या कडेला बसली आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. सुबोधचा आवाज क्षणभर अडखळला. नवऱ्यामागे हिने एकटीने वाढवलेला मुलगा बुधवारी गेला होता. आरेच्या रस्त्यावर, वळणावर, टँकरने त्याची मोटरसायकल उडवली होती. आणि आज, चारच दिवसांनी, ती प्रार्थनेला आली होती. कोणी न बोलावता.

सुबोध भिंगारदिवे मूळचा श्रीरामपूरकडचा. कांदिवलीच्या एका लहानशा मिशनमध्ये तो वर्षभराच्या सेवेसाठी आला होता. मिशनच्या अनुपमाताईंनी त्याला आरे कॉलनीतल्या या पाड्यावर नेमलं. नेमण्याआधी त्यांनी त्याच्याकडून वर्षाचा संकल्प मागितला होता.

"किती माणसं जोडणार ते नको सांगूस," त्या म्हणाल्या होत्या. "तू स्वतः कोण होऊन परत येणार, ते सांग."

सुबोधने बराच वेळ विचार करून सांगितलं होतं, "दुसऱ्याचं दुःख ज्याला आपलं वाटतं, असा माणूस."

गेले आठ महिने तो त्यासाठी झटत होता. पहाटे उठून गुडघे टेकायचा. शुक्रवारी उपास करायचा. दर रविवारी चार वाजता पाड्यावरच्या बंद बालवाडीची खोली झाडून चटई अंथरायचा. चार माणसं यायची. कधी ही, कधी ती. पण लागोपाठ दोन रविवारी तेच माणूस कधी दिसायचं नाही. आपल्यातच काहीतरी कमी आहे, असं त्याला वाटायचं. मग तो त्या आठवड्यात आणखी एक उपास करायचा.

आज मात्र देवाने ऐकलं होतं. सुबोधने ठरवलेला शास्त्रपाठ बाजूला ठेवला आणि बायबलमधला नाईन गावच्या विधवेचा उतारा काढला. तिच्या मेलेल्या मुलाला प्रभू उठवतो, तो. डोळे मिटून त्याने या माउलीसाठी मोठी प्रार्थना केली. अंजनाबाई समोरच्या भिंतीवरच्या रंग उडालेल्या बाराखडीकडे बघत होती. सगळे उठले तशी तीही उठली, चप्पल घातली आणि निघून गेली.

सुबोध जवळजवळ धावतच महादूकडे गेला. महादू पाड्यातला वडीलधारा. शेजारच्या तबेल्यात कामाला होता. म्हशींपुढे वैरण टाकत होता.

"महादूकाका, आज अंजनामावशी आपणहून आल्या!" सुबोधला धाप लागली होती. "देवाने त्यांचं मन उघडलं. इतके महिने मी ह्याच दिवसाची वाट बघत होतो."

महादूचा हात थांबला.

"मन कसलं उघडतंय रे," तो म्हणाला. "आज तिचा नंबर होता."

"कसला नंबर?"

सांगावं की नको, असं महादूला झालं. मग तो खाली बघतच बोलला. "तू आलास ना, त्या पहिल्या रविवारी कोणीच आलं नव्हतं. तू एकटाच गायलास. एकटाच आमेन म्हणालास. मग एकट्यानेच चटई गुंडाळून निघालास. आमच्या बायकांना बघवेना. मग ठरवलं, दर रविवारी चार घरांतून एकेक माणूस जायचं. परगावचं पोरगं, एकटं पडायला नको." त्याने हातातली वैरण टाकली. "अंजनाला मी म्हटलं होतं, ह्या खेपेला राहू दे. ऐकलं नाही तिने."

सुबोध तिथून निघाला. अनुपमाताईंना फोनवर काय काय सांगायचं, ते त्याने येताना मनात जुळवून ठेवलं होतं. आता त्यातलं एकेक वाक्य त्याला चटका देत होतं. वाटेत दोन-तीन जण भेटले. नेहमीसारखे हसले. तो वर बघू शकला नाही.

अंजनाबाई आपल्या दारात बसली होती. घरात दिवा लावलेला नव्हता. सुबोध तिच्यापासून थोड्या अंतरावर, खाली जमिनीवर बसला.

"मावशी, आज तुम्ही आला नसतात तरी चाललं असतं."

"कसं चाललं असतं?" ती म्हणाली. "तीनच माणसं बघून तुला वाटलं असतं, आपलं काय चुकलं. मग घरी जाऊन एकटाच बसला असतास. एकटं बसणं कसं असतं, ते आता मला कळतंय."

धीर देणारी कितीतरी वचनं सुबोधला पाठ होती. त्यातलं एक म्हणायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की आपण हिच्यासाठी एवढी मोठी प्रार्थना केली, पण जो गेला त्याचं नाव आपल्याला माहीतच नाही. आठ महिन्यांत कधी विचारलंच नाही.

"मावशी," तो म्हणाला, "तुमच्या मुलाचं नाव काय होतं?"

अंजनाबाईने त्याच्याकडे पाहिलं. पाड्यात ते नाव सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिला त्रास नको म्हणून बुधवारपासून कोणीच ते उच्चारलं नव्हतं. तिचे ओठ हलले.

"विकी," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, आतल्या अंधारात कोणाला हाक मारावी तशी, "विकी."