वडगावचा फाटा

प्यायलाही पाणी उरलं नाही म्हणून त्या साली शिरूर कासारच्या ऊसतोड टोळ्या दिवाळीआधीच बिदरकडच्या सहकारी कारखान्याला निघाल्या. धोंडीरामच्या ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यात माणसं, बिऱ्हाडं आणि त्याच्या बायकोच्या, शिवकन्याच्या, पायाशी जादा डिझेलचा कॅन. दरसाल केजच्या पुढं टाकी रिकामी व्हायची. मग धोंडीराम नळीनं कॅनमधलं डिझेल टाकीत सोडायचा आणि ट्रॅक्टर तिच्या माहेरावरून, युसूफ वडगावावरून, तसाच पुढं जायचा.

“यंदा तरी घटकाभर थांबा की. वरीस झालं, मायचं तोंड न्हाई बघितलं,” ती म्हणाली.

“समदी टोळी ताटकळत ठिवू का तुझ्यापायी?” धोंडीराम खेकसला.

केजला सगळे चहाला उतरले, तेव्हा शिवकन्यानं कॅन ट्रॉलीआड नेऊन मातीत पालथा केला.

वडगावच्या फाट्याजवळ ट्रॅक्टर आचके देत बंद पडला. रिकामा कॅन बघून धोंडीरामनं कपाळावर हात मारला आणि मिळेल त्या गाडीनं तो डिझेल आणायला मागं केजला गेला. शिवकन्या पदर खोचून पळतच सुटली. धापा टाकत अंगणात आली, तर दाराला कुलूप.

शेजारच्या नीलम्मा बाहेर आल्या आणि तिला बघून जागीच थबकल्या.

 

“अगं पोरी, तुमचा ट्रॅक्टर हितं कंदीच थांबत न्हाई म्हणून, सकाळच्या यष्टीनं तुझी मायच शिरूरला गेली की, तुला भेटाया!”