दहा चौकोन

"बाबा, तुम्ही तिकडे गावी काही गुन्हाबिन्हा केलाय का?"

मैत्रिणींशी पैज लागली होती, म्हणून टकळीनं एका दमात विचारून टाकलं. आईचा डाव पातेल्यातच थांबला. परदेशातलं काम टिकवायचं तर गुन्हा नसल्याचा मायदेशच्या पोलिसांचा दाखला हवा, आणि बाबांचा अर्ज दोनदा परत आला होता. महिनाअखेरपर्यंत दाखला आला नाही, तर तिघांनाही गाशा गुंडाळावा लागणार होता.

बाबा उठले. कपाटातून एक कागद आणून त्यांनी लेकीपुढे ठेवला. त्यावर दहा चौकोन होते आणि दहांतही नुसते काळे डाग. रेष म्हणून दिसत नव्हती.

"ठसेच उमटत नाहीत गं. फरश्या बसवता बसवता सिमेंटनं बोटं खाल्ली."

"त्यात मी शहाणी!" आई म्हणाली. "साहेबांपुढे मळके हात नकोत, म्हणून दोन्ही वेळा दगडानं घासून दिले."

"पंधरा दिवस सिमेंटपासून हात लांब, कोरडे ठेवले तर रेषा परत येतात म्हणे," बाबा म्हणाले. " पण मुकादम रजा देतोय होय!"

टकळीनं बाबांचा हात हातात घेतला. बोटं गुळगुळीत होती, त्यांनीच बसवलेल्या तिच्या शाळेच्या फरशीसारखी.

"सुट्टी लागलीय, उद्यापासून कामावर मी येणार. मुकादमाशी मीच बोलेन. सिमेंट मी कालवणार, तुम्ही शेजारी उभं राहून नुसतं ओरडायचं. आणि मैत्रिणींना सांगणार, माझ्या बाबांचे ठसे बघायचेत ना? मग शाळेत जरा खाली बघून चाला!"